सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेची पुनर्विक्री : विक्रेत्याची पूर्वतयारी

बीजशब्द : सदनिका, पुनर्विक्री, दस्तांची साखळी, वारसाहक्क, हस्तांतर अधिमूल्य, साठेखत, भांडवली नफा.

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील नागरी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने राहते घर ही बहुधा आयुष्यातील सर्वांत मोठी मत्ता असते. नोकरीच्या वीस-पंचवीस वर्षांतील बचत आणि कर्जाचे हप्ते यांतून ती उभी राहिलेली असते. असे घर विकण्याचे प्रसंग मात्र अनेक कारणांनी येतात. उद्वाहन नसलेल्या इमारतीतील तिसरा मजला वृद्धापकाळी चढवत नाही, वाढत्या कुटुंबाला जागा अपुरी पडते, आईवडिलांच्या पश्चात घर बंद राहते किंवा भावंडांमध्ये वाटणी करावयाची असते. या प्रत्येक प्रसंगी विक्रीतून येणाऱ्या रकमेवर पुढील घर, औषधोपचार अथवा उर्वरित आयुष्याचा चरितार्थ अवलंबून असतो. त्यामुळे फसलेला किंवा रखडलेला व्यवहार ही त्या कुटुंबाची केवळ गैरसोय नसते, तर ती आर्थिक हानी असते.

घर विकणे म्हणजे रंगरंगोटी करणे, जाहिरात देणे आणि अधिक किंमत देणाऱ्या ग्राहकाची वाट पाहणे, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. प्रत्यक्षात किंमत ठरल्यानंतर व्यवहार अडतो तो बहुतांशी कागदपत्रांपाशी. खरेदीदार आज प्रायः गृहकर्ज घेऊन घर घेतो. म्हणजेच त्याच्या पसंतीबरोबरच त्याच्या बँकेच्या वकिलाचे समाधान होणे आवश्यक असते. सबब, जी छाननी खरेदीदार व त्याची बँक नंतर करणार आहे, ती विक्रेत्याने घर बाजारात आणण्यापूर्वीच स्वतः करणे हीच यशस्वी विक्रीची खरी पूर्वतयारी होय, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

लेखाची व्याप्ती :

प्रस्तुत विवेचन महाराष्ट्रातील नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थेतील मालकी हक्काच्या निवासी सदनिकेपुरते मर्यादित आहे. शासन, म्हाडा वा सिडको यांच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवरील इमारतींना त्या त्या प्राधिकरणाचे स्वतंत्र नियम लागू होतात. त्यांचा विचार येथे केलेला नाही. करविषयक तरतुदी आशयरूपाने मांडल्या आहेत. आयकर अधिनियम, १९६१ ची जागा घेण्यासाठी २०२५ मध्ये नवा अधिनियम संमत झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून ते दिलेले नाहीत.

१. हक्काची सिद्धता :

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ अन्वये शंभर रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या मूर्त स्थावर मालमत्तेची विक्री केवळ नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकते. त्याच अधिनियमाच्या कलम ५५ ने विक्रेत्यावर काही कर्तव्ये सोपविली आहेत. मालमत्तेतील अथवा तिच्या हक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास ठाऊक आहे, पण खरेदीदारास सामान्य दक्षता घेऊनही दिसणार नाही, तो उघड करणे, हक्काचे दस्त पाहण्यास देणे, त्यासंबंधीच्या प्रश्नांना उत्तरे देणे आणि विक्रीच्या दिनांकापर्यंतची सार्वजनिक देणी भागविणे ही ती कर्तव्ये होत. विरुद्ध करार नसल्यास ही कर्तव्ये लागू होतात. म्हणजेच मौन बाळगणे हे विक्रेत्याचे चातुर्य नसून तो पुढील वादाचा पाया ठरू शकतो.

हक्क सिद्ध होतो तो दस्तांच्या साखळीने. बांधकाम व्यावसायिकाने पहिल्या खरेदीदारास लिहून दिलेला करार, त्यानंतर सदनिका जितक्या वेळा हस्तांतरित झाली तितके सर्व करार, प्रत्येक कराराची नोंदणी पावती व सूची क्रमांक २ चा उतारा, ताबा पत्र, संस्थेचे भागपत्र, इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराच्या पावत्या आणि वीज देयक एवढी कागदपत्रे एका धारिकेत क्रमाने लावली असता साखळीतील तुटलेला दुवा लगेच ध्यानात येतो. एखादा मूळ करार गहाळ झाला असल्यास पोलिसांकडे तशी नोंद करणे, वृत्तपत्रात जाहीर सूचना देणे आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळविणे ही कामे करावी लागतात. यास लागणारा वेळ खरेदीदार मिळण्यापूर्वी खर्ची पडला तर त्याची झळ बसत नाही. विसार घेतल्यानंतर मात्र तोच विलंब व्यवहार मोडण्यास कारण होतो.

जुन्या सदनिकांच्या बाबतीत मुद्रांक शुल्काचा प्रश्न विशेषत्वाने तपासावा लागतो. महाराष्ट्रात १० डिसेंबर १९८५ पासून, ताबा दिलेल्या वा द्यावयाच्या साठेखतास अभिहस्तांतरणपत्राप्रमाणे मुद्रांक शुल्क आकारले जाऊ लागले. त्यानंतरच्या एखाद्या करारावर अपुरे शुल्क भरले गेले असेल, तर ते प्रथम नियमित करून घेणे हितावह ठरते.

नावांतील विसंगती ही दिसण्यास क्षुल्लक, परंतु नेहमी आढळणारी अडचण आहे. करारात विवाहापूर्वीचे नाव, भागपत्रावर विवाहानंतरचे नाव आणि पॅन पत्रावर केवळ आद्याक्षरे अशी स्थिती असल्यास विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातील नावबदलाची नोंद किंवा प्रतिज्ञापत्र यांची जोड द्यावी लागते. सदनिका पतिपत्नींच्या संयुक्त नावाने असेल, तर विक्रीच्या दस्तावर दोघांचीही स्वाक्षरी अनिवार्य असते. प्रत्यक्षात पैसे कोणी भरले, या मुद्द्याने यात फरक पडत नाही.

इमारतीखालील जमिनीची स्थिती हाही आता प्रश्नाचा विषय झाला आहे. अनेक संस्थांच्या बाबतीत जमीन अद्याप मूळ मालक वा बांधकाम व्यावसायिक यांच्याच नावे असते. महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका अधिनियम, १९६३ मध्ये २००८ साली झालेल्या दुरुस्तीने संस्थेला सक्षम प्राधिकाऱ्याकडून मानीव अभिहस्तांतरण मिळविता येते. जुन्या इमारतीतील घर घेणारा पुनर्विकासाची शक्यता विचारात घेतो. म्हणून संस्थेने अभिहस्तांतरण करून घेतले आहे किंवा नाही, याची माहिती विक्रेत्यापाशी असावी.

२. वारसाहक्काने आलेले घर :

आईवडिलांच्या पश्चात घर विकताना सर्वाधिक गैरसमज आढळतो तो नामनिर्देशनाविषयी. संस्थेच्या दप्तरी ज्याचे नाव नामनिर्देशित आहे तो मालक झाला, असे अनेक कुटुंबे गृहीत धरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये इंद्राणी वाही प्रकरणात, पश्चिम बंगालमधील सहकारी कायद्याच्या संदर्भात, संस्थेने नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे भाग हस्तांतरित करणे बंधनकारक असल्याचे सांगितले. मात्र अन्य वारसांना आपला हक्क न्यायालयात मांडण्याची मोकळीक कायम ठेवली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ साली समाविष्ट झालेल्या प्रकरणानुसार, नामनिर्देशित व्यक्तीला कायदेशीर वारसांची नोंद होईपर्यंत तात्पुरता सभासद म्हणून दाखल करून घेतले जाते. तात्पर्य, नामनिर्देशन हे विक्रीचा अधिकार देणारे साधन नव्हे.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू असलेल्या कुटुंबात वडील मृत्युपत्र न करता निवर्तले आणि त्यांच्या मागे पत्नी, एक मुलगा व दोन मुली असतील, तर वडिलांच्या स्वकष्टार्जित सदनिकेत प्रत्येकास एक-चतुर्थांश हिस्सा प्राप्त होतो. वडिलांची आई हयात असल्यास तीही समान वाटेकरी असते. मुलीचे लग्न झाले, तिला लग्नात दागिने दिले किंवा ती परगावी राहते, या कारणांनी तिचा हिस्सा संपत नाही. व्यवहार ठरल्यावर, खरेदीदार दाराशी उभा असताना, बहिणीकडे ‘केवळ सही’ मागितली जाते तेव्हा नात्यांतील कटुतेला प्रारंभ होतो आणि घाईत घेतलेले हक्कसोडपत्र पुढे न्यायालयात आव्हानित होण्याचा संभवही राहतो. त्याऐवजी सर्व वारसांनी विक्रीपूर्वीच एकत्र बसून दोन पर्यायांपैकी एक निवडणे श्रेयस्कर ठरते. एक तर सर्वांनी मिळून विक्रेते म्हणून दस्तावर स्वाक्षरी करावी व आपापल्या हिश्शाची रक्कम आपापल्या खात्यात घ्यावी. अन्यथा नोंदणीकृत हक्कसोडपत्राने हक्क एका वारसाकडे एकवटावेत. पहिल्या पर्यायात प्रत्येकाचा हिस्सा उघड राहतो, हा त्याचा लाभ आहे.

वारसांपैकी कोणी परदेशी असल्यास कुलमुखत्यारपत्राची आवश्यकता भासते. असे पत्र तेथील भारतीय वकिलातीसमोर किंवा तेथील नोटरीसमोर करून रीतसर साक्षांकित करावे लागते आणि महाराष्ट्रात प्रथम प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते. कुलमुखत्यारपत्र हे प्रतिनिधीस स्वाक्षरीचा अधिकार देते, मालकी देत नाही. केवळ कुलमुखत्यारपत्र, साठेखत व मृत्युपत्र यांच्या आधारे होणाऱ्या ‘विक्री’ने हक्क हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

३. कर्ज व अन्य बोजा :

सदनिकेवर गृहकर्ज चालू असताना विक्री करता येते. परंतु ही बाब आरंभीच सांगणे आवश्यक असते. विक्रेत्याने बँकेकडून थकीत मुद्दलाचे पत्र आणि बँकेच्या ताब्यातील मूळ दस्तांची यादी मागवून घ्यावी. व्यवहारात बहुधा खरेदीदाराची बँक कर्जाची रक्कम विक्रेत्याच्या बँकेस प्रथम देते, बोजा उतरतो आणि उर्वरित रक्कम विक्रेत्यास मिळते. तरत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा आकार बँकांना घेता येत नाही.

कर्ज पूर्वीच फिटले असले तरी तपास संपत नाही. परतफेडीनंतर तीस दिवसांत मूळ दस्त परत करणे आणि नोंदविलेला बोजा काढणे, विलंब झाल्यास प्रतिदिन ५,००० रुपये भरपाई देणे, असा दंडक रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ च्या निर्देशान्वये घातला असून १ डिसेंबर २०२३ वा त्यानंतर दस्त देय होणाऱ्या प्रकरणांना तो लागू आहे. त्यापूर्वी फिटलेल्या अनेक कर्जांच्या बाबतीत दस्त परत आले, पण नोंदवहीतील बोजा तसाच राहिला, असे घडू शकते. खरेदीदाराचा वकील शोध घेतो तेव्हा ही जुनी नोंद समोर येते. यास्तव बँकेचे ‘देणे नाही’ प्रमाणपत्र जपून ठेवणे आणि बोजा प्रत्यक्षात कमी झाल्याची खातरजमा करणे अगत्याचे आहे.

सदनिका भाड्याने दिलेली असल्यास अनुमती व परवाना कराराची मुदत कधी संपते, हे पाहून विक्रीचे नियोजन करावे. रिकामा ताबा देण्याचे वचन आणि प्रत्यक्ष रिकामी होणारी जागा यांत अंतर पडल्यास दोष विक्रेत्याकडे जातो.

४. संस्थेशी असलेले संबंध :

आदर्श उपविधींनुसार सभासदाने भाग व हितसंबंध हस्तांतरित करण्याचा आपला हेतू संस्थेच्या सचिवास विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी कळवावा लागतो. हस्तांतरणासाठी संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक नाही, असे याच उपविधींत म्हटले आहे. तथापि कर्ज देणारी बँक ते मागते आणि सभासदाने अर्ज केल्यास समितीने त्याचा विचार एका महिन्यात करावा अशी अपेक्षा आहे. समितीची सभा महिन्यातून एकदाच होत असल्यामुळे हा अर्ज वेळेवर न केल्यास एक महिना विनाकारण जातो.

हस्तांतर अधिमूल्य हा वादाचा नित्य विषय आहे. शासनाच्या ९ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने महानगरपालिका क्षेत्रात या अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये ठरविली असून, ‘अ’, ‘ब’ व ‘क’ वर्ग नगरपालिकांसाठी ती अनुक्रमे २०,०००, १५,००० व १०,००० रुपये, तर ग्रामपंचायत क्षेत्रासाठी ५,००० रुपये आहे. इमारत निधी, देणगी अशा अन्य नावांनी अधिक रक्कम मागण्यास या आदेशात आधार नाही. ही रक्कम विक्रेत्याने द्यावयाची, खरेदीदाराने की दोघांनी निम्मी निम्मी, हे प्रारंभीच लेखी ठरविल्यास अखेरच्या दिवशीचा तंटा टळतो.

संस्थेची थकबाकी, भाड्याने दिलेल्या काळातील बिनभोगवटा शुल्क आणि मोठ्या दुरुस्तीची मंजूर झालेली वर्गणी यांचा हिशोब आधी मिटवावा. इमारत जुनी असल्यास संरचनात्मक तपासणीचा अहवाल विचारला जातो. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींची तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतींची तीन वर्षांतून एकदा होणे अपेक्षित आहे.

५. सदनिकेची प्रत्यक्ष अवस्था :

घराच्या सजावटीवर केलेला मोठा खर्च विक्रीच्या किमतीतून वसूल होईलच, असे सांगता येत नाही. नवा मालक आपल्या आवडीनुसार स्वयंपाकघराचा ओटा व फरशी बदलण्याची शक्यता असते. याउलट, दोष दिसतील अशा ठिकाणी केलेली साधी दुरुस्ती विश्वास निर्माण करते. गळका नळ, न लागणारी खिडकी, सैल झालेले विजेचे बटण, तुटलेली कडी आणि न्हाणीघरातील फरशीच्या फटी या गोष्टी अल्प खर्चात दुरुस्त होतात. त्या तशाच राहिल्यास ‘घराची निगा राखलेली नाही’ असा ग्रह होऊन न दिसणाऱ्या बाबींविषयीही शंका उत्पन्न होते.

महाराष्ट्रातील हवामानात ओल हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. ओलीच्या डागावर रंग दिल्यास तो पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उमटतो आणि ही लपवणूक ठरते. म्हणून प्रथम पाणी कोठून येते, हे शोधावे. गच्चीतून अथवा बाह्य भिंतीतून येणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करावयाची असते, तर वरच्या मजल्यावरील न्हाणीघरातून होणाऱ्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांवर येतो. दुरुस्तीनंतर भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि मगच फिक्या रंगाचा हात द्यावा. दुरुस्तीच्या देयकाची प्रत खरेदीदारास दाखविता आली, तर तिचा परिणाम नव्या रंगापेक्षा अधिक होतो.

सज्जा बंदिस्त करणे, खोलीत मिळविणे, भिंत काढणे असे बदल परवानगीविना झाले असतील, तर ते मंजूर आराखड्याशी ताडून पाहावेत. बँकेचा मूल्यांकनकार आराखडा हाती घेऊनच येतो. शक्य असल्यास मूळ स्थिती पूर्ववत करावी. अन्यथा बदल उघड सांगावा.

घर दाखविताना जागा मोकळी व उजेड भरपूर असावा, हे सर्वमान्य आहे. माळ्यावरील जुने सामान, सज्जात रचलेल्या कुंड्या व डबे, भिंतीलगत उभी केलेली जादा कपाटे हलविल्यास खोलीचा खरा आकार दिसतो. दिवसा, पडदे बाजूला सारून, पाण्याची वेळ कोणती, वाहनतळाची जागा कोणती, दुपारचे ऊन कोठून येते, अशी माहिती सरळपणे द्यावी. क्षेत्रफळ सांगताना चटई क्षेत्र व बांधीव क्षेत्र यांतील फरक स्पष्ट करावा. जुन्या करारात बहुधा बांधीव क्षेत्र लिहिलेले असते, तर आजचा खरेदीदार चटई क्षेत्रावर तुलना करतो.

६. किंमतनिश्चिती :

विक्रेत्याच्या मनातील किमतीत आठवणींचा व गरजेचा वाटा असतो. बाजाराच्या लेखी त्यास मूल्य नाही. वास्तव किंमत ठरविण्यास तीन आधार घेता येतात. पहिला, त्याच वा लगतच्या इमारतीत अलीकडे नोंदविल्या गेलेल्या विक्रीच्या किमती. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या सूची क्रमांक २ मधून त्या समजतात. दुसरा, शासनाचे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते. तिसरा, मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा अहवाल. जाहिरातींत झळकणारे दर ही मागणी असते, मिळालेली किंमत नव्हे.

दर तक्त्यांचे महत्त्व केवळ मुद्रांक शुल्कापुरते नाही. विक्रीची किंमत मुद्रांक मूल्यापेक्षा कमी असून फरक दहा टक्क्यांच्या मर्यादेबाहेर असेल, तर आयकरासाठी मुद्रांक मूल्य हेच विक्रीमूल्य मानले जाते. दुसरीकडे, किमतीचा काही भाग रोखीने घेण्याची प्रथा विक्रेत्यासच धोक्यात टाकते. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास मनाई असून, उल्लंघन झाल्यास स्वीकारलेल्या रकमेएवढा दंड होऊ शकतो.

हंगामाचाही विचार केला जातो. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया व दसरा या मुहूर्तांच्या आसपास खरेदीचा कल वाढतो, तर पितृपक्षात तो मंदावतो. घर पाडव्याला दाखवावयाचे असेल, तर कागदपत्रांचे काम दिवाळीनंतरच हाती घेणे इष्ट. मध्यस्थामार्फत विक्री करावयाची झाल्यास त्याचे शुल्क, ते केव्हा देय होईल आणि व्यवहार मोडल्यास काय, हे लेखी असावे.

७. विसार, साठेखत व खरेदीखत :

किंमत ठरल्यावर घेतला जाणारा विसार हा व्यवहाराचा पहिला लेखी टप्पा. विसार पावतीत एकूण किंमत, रक्कम देण्याचे टप्पे, कर्ज मंजुरीची मुदत, ताब्याचा दिनांक, कोणत्या वस्तू घरात राहतील आणि व्यवहार मोडल्यास विसाराचे काय होईल, या गोष्टी नमूद असाव्यात. ‘कर्ज नाकारले गेल्यास विसार परत’ हे कलम असावे की नसावे, यावर पुढे सर्वाधिक वाद होतात. म्हणून ते मौनावर सोडू नये.

त्यानंतर साठेखत होते. साठेखताने मालमत्तेत स्वतःहून कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही, असे कलम ५४ सांगते. विक्री पूर्ण होते ती खरेदीखताने. महाराष्ट्रात अनेक व्यवहारांत साठेखतावरच पूर्ण मुद्रांक शुल्क भरून ते नोंदविले जाते, त्याच्या आधारे बँक कर्जाची रक्कम देते आणि पुढील खरेदीखताच्या वेळी आधी भरलेले शुल्क विचारात घेतले जाते. दस्त निष्पादनापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीसाठी सादर करावा लागतो. नोंदणी आणि बँकेची रक्कम हाती येणे यांत काही दिवसांचे अंतर राहते. या काळात विक्रेत्याने ताबा देऊ नये. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यानंतर ताबा पावती करून किल्ल्या सुपूर्द कराव्यात आणि त्या दिवसाचे वीजमापकाचे वाचन पावतीत लिहावे. खरेदीखतानंतर रक्कम अपुरी राहिलीच, तर त्या रकमेपुरता मालमत्तेवर बोजा राखण्याचा हक्क कलम ५५ विक्रेत्यास देते. परंतु तो अखेरचा उपाय आहे.

८. भांडवली नफा व कर :

विक्रीतून हाती येणारी रक्कम आणि खर्चास उपलब्ध असणारी रक्कम यांतील मुख्य अंतर कराचे असते. सदनिका २४ महिन्यांहून अधिक काळ धारण केलेली असल्यास होणारा नफा दीर्घकालीन ठरतो. २३ जुलै २०२४ पासून अशा नफ्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ न देता १२.५ टक्के दराने कर आकारला जातो. मात्र त्या दिनांकापूर्वी संपादन केलेल्या घराच्या बाबतीत निवासी व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंब यांना निर्देशांकासह २० टक्के दराने येणारा कर कमी असल्यास तेवढाच भरण्याची मुभा आहे. १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या घरासाठी त्या दिवशीचे वाजवी बाजारमूल्य, मुद्रांक मूल्याच्या मर्यादेत, खरेदी किंमत म्हणून धरता येते.

दोन काल्पनिक उदाहरणांनी हा भेद स्पष्ट होईल. २०१०-११ मध्ये २० लाख रुपयांस घेतलेली सदनिका २०२५-२६ मध्ये ८० लाखांस विकली असे समजू. निर्देशांक १६७ वरून ३७६ झाल्याने निर्देशांकित खरेदी किंमत सुमारे ४५.०३ लाख, नफा ३४.९७ लाख व २० टक्के दराने कर सुमारे ६.९९ लाख रुपये येतो. निर्देशांकाविना नफा ६० लाख व १२.५ टक्के दराने कर ७.५० लाख होतो. येथे जुनी पद्धत लाभाची ठरते. तीच सदनिका १५ लाखांस घेतलेली असती, तर निर्देशांकासह कर सुमारे ९.२५ लाख आणि निर्देशांकाविना ८.१३ लाख झाला असता. म्हणजे नवी पद्धत लाभाची ठरली असती. (उपकर व अधिभार यांत धरलेले नाहीत.) यावरून दोन्ही रीतींनी हिशोब करण्याची आवश्यकता ध्यानी येते. मध्यस्थाचे शुल्क आणि घरात केलेल्या सुधारणांचा खर्च वजा मिळण्यासाठी त्यांच्या पावत्या जपलेल्या असाव्या लागतात.

विक्रीपूर्वी एक वर्ष किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरे घर विकत घेतल्यास, अथवा तीन वर्षांत बांधल्यास, नव्या घरात गुंतविलेल्या नफ्यावर करसवलत मिळते. तिची कमाल मर्यादा १० कोटी रुपये आहे. विहित रोख्यांत सहा महिन्यांच्या आत ५० लाखांपर्यंतचा नफा पाच वर्षांसाठी गुंतविण्याचाही मार्ग आहे. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत नवे घर घेतले नसेल, तर रक्कम भांडवली नफा खाते योजनेत ठेवावी लागते. ती बचत खात्यात पडून राहिल्यास सवलत गमावण्याचा धोका असतो.

किंमत वा मुद्रांक मूल्य ५० लाख वा अधिक असल्यास खरेदीदार एक टक्का कर कापून विक्रेत्याच्या पॅनवर जमा करतो. अनेक विक्रेते असले तरी मर्यादा एकूण रकमेस लागू होते. विक्रेत्याचे पॅन आधारशी न जोडल्याने निष्क्रिय असेल, तर कपातीचा दर बराच वाढतो. विक्रेता अनिवासी असल्यास ५० लाखांची मर्यादा लागू नसते आणि कपातही मोठी असते. त्याने कमी दराने कपात होण्याचे प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधीच मिळविल्यास मोठी रक्कम परताव्याच्या प्रतीक्षेत अडकत नाही.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) सदनिकेच्या विक्रीत विलंब व हानी यांचे मुख्य कारण घराच्या बाह्य रूपापेक्षा हक्काच्या अपूर्ण कागदपत्रांत असते. म्हणून दस्तांची छाननी ही जाहिरातीपूर्वीची पहिली पायरी होय.

(२) नामनिर्देशनास मालकी समजणे ही वारसाहक्काच्या घरातील मूलभूत चूक आहे. मुलींसह सर्व वारसांची संमती विक्रीपूर्वी व स्वतंत्रपणे घेतल्यास व्यवहारही टिकतो आणि नातीही.

(३) बँक, संस्था व शासकीय कार्यालये यांची प्रत्येकी स्वतंत्र कालमर्यादा असते. ही कामे खरेदीदार शोधण्यापूर्वी सुरू केल्यास विक्रेत्याला घाईने किंमत उतरवावी लागत नाही.

(४) प्रत्यक्ष घरात सजावटीऐवजी दोषनिवारणावर, विशेषतः ओलीच्या मूळ कारणावर, खर्च करावा; आणि जो दोष दूर करता येत नाही तो सांगावा.

(५) कराचा हिशोब विक्रीनंतर नव्हे, तर किंमत ठरविताना करावा. कारण पुढील घरासाठी प्रत्यक्षात किती रक्कम उरणार, हे त्याखेरीज समजत नाही.

विक्रेत्याने ही तयारी केली असता खरेदीदाराच्या प्रत्येक प्रश्नास त्याच्यापाशी कागदाचे उत्तर असते. विकणारा आणि घेणारा अशी दोन्ही कुटुंबे आपली आयुष्यभराची पुंजी या एका व्यवहारात ओतत असतात. त्यांपैकी एकाने आधी घेतलेले कष्ट दोघांच्याही पुंजीचे रक्षण करतात.